उजवा कौल

पाळीचा आज कितवा दिवस, हे आधी विचारावं लागतं.
"धावो," मथुरा म्हणाली, बोटं न मोजता.
अकरा वर्षं मोजत आलेल्या बाईला
बोटं लागत नाहीत.

मथुरा गावडे, बेतोडा, वय तेहतीस.
तळहातांवर काजूच्या डिंकाचे काळे डाग,
साबणानं न जाणारे.
मी नोंदवहीत लिहिलं. फोंड्याच्या वरच्या बाजारातली
ही मागची खोली, हे मशीन आणि मी,
तिघंही एकाच वर्षी नोकरीला लागलो.

औषधाची बाटली कोमट पाण्यात.
टेबल मात्र थंडच, त्याला इलाज नाही.
तिच्या उजव्या कुशीशी मी शिशाचं अक्षर ठेवलं.
"हें कित्याक?"
फोटो कुणी उलटा धरला तरी
तुझी उजवी बाजू उजवीच राहावी म्हणून.

ती छताकडे बघत हसली.
मग सांगत गेली:
सात वेळा कौल लावला.
दगडाला पाण्यानं चिकटवलेल्या पाकळ्या,
हात जोडून सासू, आणि ती स्वतः खांबाआड.
उजवी पडली, की होणार, पण कधी ते नाही.
डावी पडली, की दोष.
कुणाचा, हे देवानं सांगितलं नाही,
घरच्यांना विचारावं लागलं नाही.
एकदा तर दुपारची आरती झाली
तरी एकही पडेना.
"देव लेगीत कंटाळलो आसतलो," ती म्हणाली.

डॉक्टर आवेलीन आल्या, हातमोजे चढवले.
कळ येईल, बाये.
आली. तिनं माझं मनगट धरलं
आणि नेमकं तेव्हाच मला पडद्यामागं जायचं असतं.
हात सोडवून घेणं हाही या कामाचा भाग,
शिकवताना कुणी सांगत नाही.

पहिली फिल्म. लालसर अंधारात, ट्रेमध्ये
हळूहळू उमटला एक त्रिकोण, खाली टोक,
पतंगाच्या कागदाएवढा हलका.
उजवीकडून एक रेघ निघाली, केसाएवढी,
वळली, रुंदावली,
आणि टोकाशी सांडली, चुलीतून धूर सांडावा तशी.
डावीकडे काहीच नाही.
कोपऱ्यापाशीच संपलेलं.

डॉक्टर म्हणाल्या, थांबूया.
भीतीनंही नळी मिटते.
असली वाक्यं त्या अहवालात लिहीत नाहीत.

मग मी विचारलं, बियांना यंदा भाव काय?
आणि मथुरा उसळलीच.
तो दलाल, त्याचा तो तराजू,
किलोमागं मूठभर खातो तो,
त्याच्या आईनं त्याला कसल्या दुधावर वाढवला,
हे सगळं तिनं टेबलावर पडल्या पडल्या सांगितलं,
पाय रिकिबीत, पोटात औषध.
डॉक्टरांनी मान हलवली. मी पडद्यामागं पळाले.

दुसरी फिल्म.

बाहेर बाकावर पुतू,
शेजारी सासू, मांडीवर नारळाची पिशवी.
डॉक्टरांनी अहवाल लिहिला, ओळ-दीड ओळीचा.
मग दुसरी चिठ्ठी, तिच्यावर पुतूचं नाव
आणि मडगावच्या लॅबचा पत्ता.
तो ती वाचत राहिला, ओठ हलवत,
चार शब्द इतका वेळ वाचता येतात
हे मला ठाऊक नव्हतं.

फिल्म अजून ओली होती.
मी चिमट्याला धरून आणली, तर म्हातारीनं काढून घेतली,
खिडकीशी धरली, उलटी.
"उजवी खंयची?"
मी अक्षरावर बोट ठेवलं.
तिनं फिल्म फिरवली. जवळ नेली, लांब नेली.
दोन्ही टोकांशी तो पांढरा धूर.
पाणी ठिबकत होतं तिच्या लुगड्यावर,
पिशवीतल्या नारळांवर.
"दोनूय पडल्यो?"

होय, म्हटलं.

मथुरा आतून निरी सावरत आली.
तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.
तिनं पिशवी उचलली, एवढंच म्हणाली,
"बस चुकतली."